गावची वाडी विकायची नाही, गावासाठी ठेवायची आहे. पण कोणाच्या हाती?

पन्हळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या एका गावात आमची सामायिक वाडी आहे. पावणेदोन एकर. तीन बाजूंना जांभ्याचा गडगा, चौथ्या बाजूने पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, खाली वाळूच्या पुळणीवर उतरते. आत कौलारू घर, मांगर (अवजारं-सामान ठेवायचं छप्पर), गोठ्याचं नुसतं जोतं आणि राहाटाची विहीर. राहाट चालताना मी पाहिला नाही, वडिलांनी पाहिलाय. चाक मांगरात आडवं पडून आहे, एक आरा वाळवीने खाल्लाय. विहिरीवरची दगडी डोण (राहाटाचं पाणी पडायची कुंडी) मात्र धड आहे आणि तिच्यातून निघालेला पाट अगदी शेवटच्या माडापर्यंत ओळखता येतो. घराच्या तुळईवर शके १८०६ कोरलंय, म्हणजे १८८४ सालचं बांधकाम.

माड, पोफळी, दोन जायफळं, मिरवेली आणि गडग्याला धरून रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेले गावठी आंबे. त्यातल्या एका बिटकीच्या (लहान फळाच्या रायवळाच्या) कैऱ्या लोणच्यासाठी अख्खी आळी नेते, आणि ते कोणी विचारून नेत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. मदत मिळाली ती सुपारीच्या झाडामागे ५० आणि नारळामागे २५० रुपये. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात भागली नाही. तेव्हा लावलेली रोपं आता कुठे धरायच्या बेतात आहेत.

सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातले काही जण कधीच वारले. गेल्या वर्षीपासून एक एजंट फेऱ्या मारतोय. समुद्र दिसतो, रस्ता लागतो, कोणाला तरी रिसॉर्ट बांधायचंय. चार घरांपैकी एक घर विकायला तयार आहे, एक कुंपणावर. आम्हा बाकीच्यांना वाटतं की वाडी गावाच्या उपयोगासाठी राहावी. घरात वाचनालय, मांगरात जुनी अवजारं, वाडीत रोपवाटिका, शाळेच्या मुलांना शिकायला जागा, बचत गटाला कोकम-फणसाच्या कामाला पडवी आणि खळं.

ग्रामपंचायतीला द्यावी, शाळेला द्यावी की ट्रस्ट करावा? ज्यांनी असं काही केलंय किंवा करताना तोंड पोळलंय त्यांनी लिहा.

सातबारा_आधी

ट्रस्ट वगैरे नंतर. पहिल्यांदा वारस नोंदी. मयत माणसांची नावं सातबाऱ्यावर असेपर्यंत तुम्ही कोणालाच काही देऊ शकत नाही, आणि एजंट नेमका याच गोंधळावर जगतो. तो एकेका घराला वेगळं गाठून अविभक्त हिस्सा घेतो आणि मग वाटपाचा दावा लावून बाकीच्यांना जेरीस आणतो.

दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ खाली, वारसाने आलेला हिस्सा वर्ग १ च्या (मुलं, बायको, आई अशा जवळच्या) वारसांपैकी एकाने विकायला काढला तर बाकीच्या वारसांचा तो घ्यायचा हक्क आधी लागतो. हे शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. दुसरं, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला घरात येऊन बसता येत नाही. विकायला निघालेल्या चुलतभावाला हे शांतपणे सांगा. धमकी म्हणून नको, चहा घेताना.

आता मुख्य अडचण. कूळ कायदा, १९४८ चा, कलम ६३. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकणं, बक्षीस देणं, भाड्याने देणं, यातलं काहीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय चालत नाही. ट्रस्ट म्हणजे शेतकरी नव्हे, त्यामुळे उद्या सगळे भाऊ राजीखुशीने बक्षीसपत्र करायला बसलात तरी आधी परवानगी लागणार. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता-देता येत नाही असा) आहे का तेही बघून ठेवा.

आणि सार्वजनिक ट्रस्ट एकदा झाला की १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ आलं. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही, इमारत तीन वर्षांहून जास्त नाही. लोकांना ही कटकट वाटते. तुमच्या कामाला हे कुंपण आहे, कारण तुमची मुलं मोठी झाल्यावर त्यांनाही एजंट भेटणार आहे.

खाडीवरचा

एजंटने गुंठ्याला किती सांगितले ते सांगा की आधी. हा हा.

पन्हळ

@खाडीवरचा, सांगितले ते ऐकून कुंपणावरचे काका कुंपणाच्या पलीकडे निम्मे उतरले.

@सातबारा_आधी, फार आभार. शेरा नाही, बघितला. कलम २२ चं माहीत नव्हतं.

माहेरवाशीण

चौदा नावांत बायकांची किती आहेत? विचारते कारण कोकणातल्या निम्म्या घरांत आत्या-बहिणींकडून 'एक सही कर गं' म्हणून हक्कसोडपत्र घेतलेलं असतं, आणि उरलेल्या निम्म्यांत त्यांची नावंच लागलेली नसतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हिस्सा आला, आणि तेव्हा वडील हयात असोत-नसोत हक्क आहेच, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तुम्ही चार भाऊ मिळून उदार व्हाल आणि एखादी आत्या विचारेल, माझा हिस्सा मला न विचारता कोणी दान केला?

आमच्या माहेरी हेच झालं. देवळाला जागा द्यायची ठरली, पूजाही झाली, पेढे वाटले आणि मग थोरल्या आत्याचं वकिलाकडून पत्र आलं. तिला पैसे नको होते. तिला बोलवायला हवं होतं, बस. आत्यांना आधी फोन करा. त्या बहुतेक हो म्हणतात, आणि एकदा हो म्हणाल्या की विकायला निघालेल्या भावांना त्याच गप्प करतात. हा अनुभव आहे.

रोकडा_हिशोब

सगळं छान आहे पण एक विचारतो. तुम्ही राहता कुठे? पुणे? मग पाणी कोण घालणार?

पोफळीला दिवाळीपासून मिरगापर्यंत दिवसाआड शिपणं लागतं. एक महिना चुकलात तर झाड जगेल पण पुढच्या साली पीक नाही. दोन महिने चुकलात तर सरपण. वानरं वेगळीच, कोवळी शहाळी खाली फेकतात. माडावर चढणारा माणूस सांगेल त्या दिवशी आणि सांगेल त्या भावाला. घराची शाकारणी दर वर्षी मे महिन्यात. कौलं उतरवून वासे बघायचे, फुटकी बदलायची. आमच्या शेजारच्या गावात एका घराण्याने वाचनालयाला घर दिलं. फोटो आले, फीत कापली. तिसऱ्या पावसाळ्यात पुस्तकांवर बुरशी, पाचव्यात मागची पडवी बसली. आता तिथे कुत्री वितात.

कोकणात 'जपायचं' म्हणणारे पन्नास आणि बेणायला (तण काढायला) आलेला एक, तोही रोजावर. विकून टाका आणि मोकळे व्हा, निदान गावातल्याच कोणाला तरी विका.

पन्हळ

बोचलं, पण प्रश्न बरोबर आहे. सध्या पाणी घालतात ते वाडीच्या मागच्या आळीतलं एक कुटुंब. त्यांचे आजोबा आमच्याकडे गडी होते. आता मुलगा पंप लावतो, नारळ पाडतो, निम्मं उत्पन्न त्यांचं. लेखी काहीच नाही. घरातले मोठे म्हणतात, लिहून दिलं की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क येईल.

वरकस

इथे थांबून जरा बोलतो, कारण हा धागा मी वरून खालपर्यंत वाचला आणि त्या कुटुंबाचा उल्लेख कोणी तरी विचारल्यावर आला.

दादा, तुमच्यावर राग नाही. माझे आजोबा अशाच एका वाडीवर गडी होते, गुहागरकडे. पहाटे अंधारात रेडा राहाटाला जुंपायचे ते ऊन चढेपर्यंत त्याच्या मागे फिरायचे. पाट एकीकडून बांधायचा, दुसरीकडे फोडायचा, प्रत्येक आळ्यात पाणी पोचलं का ते पायाने चाचपायचं. वाडीवाल्यांच्या घरात आजही सांगतात, हे माड आमच्या पणजोबांनी लावले. लावायला सांगितले म्हणा. खड्डा खणणारा, रेव आणि मीठ टाकणारा, पहिली दोन वर्षं हाताने पाणी घालणारा वेगळाच होता.

कोकणात जमिनीची गोष्ट नुसत्या घराण्याची गोष्ट नाही. अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांविरुद्ध (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध) संप केला तो १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील पुढे होते. त्यांनी जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. 'कूळ लागेल' ही भीती तुमच्या घरात अजून बोलली जाते ना, तिचं मूळ तिथे आहे. आमच्या घरात तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतात.

म्हणून 'गावाला देणार' म्हणताना गाव म्हणजे कोण ते आधी ठरवा. वरच्या आळीतले निवृत्त होऊन परतलेले चार काका आणि पुण्यामुंबईचे दोन आर्किटेक्ट मिळून जो ट्रस्ट होतो तो मी पाहिलाय. त्यात राहाट रंगवून दारात ठेवतात, त्याच्यावर दिवे सोडतात, आणि ज्याच्या आजाने तो चालवला त्याचा नातू तिथे वेटर. तुमचं तसं होऊ नये.

रोकडा_हिशोब

+१. मी विका म्हणालो ते याच वैतागाने. ते कुटुंब जर खरंच वाडी करतंय तर तुमच्या ट्रस्टची निम्मी अडचण सुटलेली आहे, तुम्हाला दिसली नाही इतकंच.

सातबारा_आधी

@वरकस यांच्या मुद्द्याला कागदाची जोड देतो. 'लिहून दिलं की कूळ लागेल' हे अर्धवट ज्ञान आहे. कायदेशीर रीतीने दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो तो कलम ४ मुळे, आणि तिथे तोंडी व्यवहारही पुरतो. उलट काहीच लिहिलेलं नसलं की दोघंही अंधारात. घरच्या माणसाच्या देखरेखीखाली मजुरी घेऊन काम करणारा कूळ होत नाही. तेव्हा नातं काय आहे ते प्रामाणिकपणे ठरवा: पगारी माणूस, की वाटेकरी, की ट्रस्टमधला भागीदार. आणि तेच लिहा. त्यांचा स्वतःचा वकील असू दे. हा शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात.

भाट्येवाली

पैशाचं बोलू का थोडं? मी रत्नागिरीची, बागायतीत काम करते.

पावणेदोन एकर सलग वाडी आणि विहिरीला मे महिन्यातही पाणी, हे असलं की वाडी स्वतःचा खर्च काढू शकते. भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' म्हणून पद्धत बसवलीय. माडांच्या मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, आणि पहिली काही वर्षं केळी-अननस. विद्यापीठाच्या 'कोकण सुगंधा' जायफळाची आणि 'कोकण तेज' दालचिनीची कलमं मिळतात. तुमच्याकडची दोन जायफळं जुनी आहेत ना? मग माती मानवते हे सिद्धच आहे. रोपं लावताना आधी जुन्या पोफळींच्या ओळीतली सावली बघा, निसर्ग वादळात जिथे उघडं पडलंय तिथे ऊन थेट येतं आणि जायफळाचं कोवळं रोप भाजतं. तिथे पहिली दोन वर्षं केळ, मग जायफळ.

रोपवाटिकेची कल्पना उत्तम, पण तुमची सर्वांत मोलाची गोष्ट ती बिटकी आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण हापूसच्या नादात रायवळ तुटत चाललेत. फळ्या आणि पेट्या करायला जातात. एकेक रायवळ म्हणजे एकेक वेगळं झाड, कोय लावून तसंच परत येत नाही. कलम करावं लागतं. पावसाळा सुरू होताना तुमच्या त्या बिटकीच्या काड्या घेऊन कोयकलमं करून ठेवा, आळीत घरटी एकेक द्या. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर असतेच, २००२ च्या कायद्याने. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ही झाडं चढवून घ्या. त्याने झाडाला कायद्याचं कवच मिळत नाही, पण उद्या कोणी तोडायला आलं तर बोलायला कागद असतो.

देवगडी

उदाहरणं विचारलीत म्हणून. कणकवलीजवळ वागदे इथे गोपुरी आश्रम आहे, अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये उभा केलेला. शेती, श्रम आणि समाजकाम एकाच जागी ठेवायचा तो प्रयोग आजही चालू आहे. एकदा जाऊन या. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेने उभं केलं, १९९४ मध्ये. पालगडला साने गुरुजींचं घर आहे, ते तर तुमच्याच तालुक्यात.

पण ही घरं टिकली त्यामागे माणसाचं नाव आहे. तुमच्या वाडीला कोणा थोराचं नाव नाही. (राग मानू नका.) म्हणजे दर्शनाला कोणी येणार नाही, वापरायलाच यावं लागेल. माझ्या मते हे बरंच आहे. शाळेला मात्र देऊ नका. मुलांना शिकू दे, जमीन नको. पट कमी होऊन शाळा दुसरीकडे जोडली गेली की त्या जागेचं काय होतं ते आजूबाजूला बघा.

खाडीवरचा

ग्रामपंचायतीलाही नको. दर पाच वर्षांनी नवे सरपंच, नवी स्वप्नं. एकाला वाचनालय पाहिजे, पुढच्याला तिथेच व्यायामशाळा आणि स्वागत कमान.

माहेरवाशीण

कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० मध्ये आलंय, त्यात वाडीची नोंदणी करता येते. दोन खोल्या पाहुण्यांना, जेवण बचत गटाकडे. रिसॉर्ट नको म्हणताना पाहुणेच नकोत असं करू नका, खळ्यात मांडव घालून केळीच्या पानावर जेवायला मुंबईची माणसं पैसे देतात. फक्त पाहुण्यांना वाडीत दारू नाही, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा.

पन्हळ

मंडळी, शिमग्याला सगळे गावात जमलो होतो. पालखी घरात आली, नाचली, आणि ती पुढच्या घरी गेल्यावर ओटीवर बसून बोललो. कुठवर आलोय ते लिहितो.

दोन्ही आत्यांना बोलावलं होतं. @माहेरवाशीण, तुम्ही म्हणालात तसंच झालं, धाकट्या आत्याने विकायला निघालेल्या घराला विचारलं, 'पैसे घेऊन तू शिमग्याला कुठे उतरणार?' ते घर आता हिस्सा आम्हालाच द्यायला तयार आहे, दोन हप्त्यांत. भाव एजंटच्या निम्म्याहून कमी. कुंपणावरचे काका अजून तिथेच आहेत.

वारस नोंदींचे अर्ज तलाठ्याकडे दिले. ट्रस्टची नोंदणी त्यानंतर. जमीन एकदम बक्षीस द्यायची नाही. कलम ६३ ची परवानगी येईपर्यंत आणि मग पहिली काही वर्षं मालकी कुटुंबाकडेच, घर आणि मांगर ट्रस्टकडे वापरायला. वाचनालयाचा आग्रह आम्ही सोडला. त्याऐवजी आधी शाकारणी, मग बचत गटाला पडवी. @भाट्येवाली, कलमांसाठी बिटकीच्या काड्या कशा कापायच्या ते व्यनि (खासगी निरोप) कराल का?

आणि @वरकस, त्या कुटुंबाकडे मी आणि थोरल्या आत्या गेलो होतो. ओटीवर न बोलावता त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. विश्वस्त म्हणून या असं म्हटल्यावर म्हाताऱ्या काकू बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, 'विश्वस्त व्हतो. पन पंपाची चावी आमच्याकडं, नि पोराचा पगार येगळा. निम्म्या नारलांवर आता नाय भागत.' आम्ही हो म्हणून आलो.

वरकस

चांगलं झालं. चावीचंही लिहून घ्या, आणि दोन जागा द्या त्यांना, एकच नको. एकटा माणूस बैठकीत बोलत नाही.

सातबारा_आधी

थांबा, एक गाठ सोडवा. विश्वस्ताने स्वतः ट्रस्टचा पगार घेणं अडचणीचं ठरतं, तपासणीत पहिलं तेच निघतं. पोराला पगार द्यायचा तर तो विश्वस्त नको. आणि आई विश्वस्त, मुलगा पगारी असं असेल तर पगाराच्या ठरावाला आईने बाजूला बसायचं, हे ट्रस्टच्या घटनेतच घाला. तीच अट तुमच्या नातेवाइकांनाही.

शेतीपंपाचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?

पन्हळ

चुलत आजोबांच्या. १९८७ मध्ये वारले.

म्हणजे काकू आणि त्यांची सून विश्वस्त, मुलगा पगारावर, असं सुचवतो. सून बचत गटाची अध्यक्ष आहे, पडवीचा हिशोब तिलाच जास्त कळेल. उद्या फोन करतो. वीज मंडळात कोणते कागद लागतात ते कोणाला माहीत असेल तर सांगा.